भाऊ, टोपीवाला सापडला

भाऊ,

तुमच्या तेरवीला वांग्याची भाजी तिखट झाली होती. तुम्ही असता तर दोनदा मागून घेतली असती आणि मग रात्रभर वहिनींना पाण्यासाठी उठवलं असतं. माणसं बरीच आली. टॉकीजमधली जुनी मंडळी आली, तिकिटं फाडणारे, सायकल स्टँडवाले. सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते, त्यामुळे मला जरा परक्या घरी आल्यासारखं वाटत होतं. तुमच्याबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही. आपली ओळख झाल्यापासून आपण भांडतच आलो.

जेवणं उरकल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. म्हणाल्या, "घेऊन जा शोभाबाई. मले यातलं काही समजत नाई, आन् फेकवतही नाई." पेटीत तुमचे स्लाइडचे सगळे डबे होते. सगळ्यात वर पिवळा. झाकणावर तुमच्या अक्षरात चिकटवलेलं नाव, 'टोपीवाला साहेब'.

बाकी डब्यांचं मी काय करणार ते अजून ठरलेलं नाही. पिवळ्याचं मात्र ठरलं, आणि झालंही. तुमचा जन्म, तुमची नोकरी, तुमचा मनमिळाऊ स्वभाव वगैरे पेपरात आलं आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. मनमिळाऊ हा शब्द वाचून मी पेपर खाली ठेवला होता.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या दुकानात आलात ते झेरॉक्स काढायला. शर्टाच्या खिशातून हातरुमाल काढलात, तो उलगडलात, आणि आतून पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्मचा एक रंगीत तुकडा काउंटरवर ठेवलात. "याची झेरॉक्स पाहिजे होती," म्हणालात. मी हसले. मग आठवलं की आपल्याकडे हे काम करणारं यंत्र आहे. लोक लग्नाचे जुने निगेटिव्ह घेऊन येतील या आशेवर मी नागपुरातून फिल्मचा जुना स्कॅनर आणला होता. लोक निगेटिव्ह फेकून देतात हे मला तो आणल्यावर कळलं. यंत्रावर मी कापड घालून ठेवलं होतं आणि कापडावर रिबिनींचे डबे.

तर तुमची स्लाइड आत गेली आणि थोड्या वेळाने पडद्यावर एक बैलगाडी आली. नदीच्या पाण्यात निम्मी बुडालेली, गाडीवानाची नुसती पाठ दिसत होती. आणि सगळं उलटं, नदी वर, आभाळ खाली. मी विचारलं, कोणाचा फोटो आहे? तुम्ही म्हणालात, मले काय माहीत. मग कोणी काढला? "तेच तं पाहाचं आहे," म्हणालात आणि न विचारता स्टूल ओढून बसलात.

त्या दिवसापासून ते स्टूल तुमचं झालं. कबाडीवाल्यांकडून, रिकाम्या होणाऱ्या कचेऱ्यांतून, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून तुम्ही डबे आणत राहिलात. खाणीत आलेले इंजिनियर, आलापल्लीचं सागवान पाहायला आलेले पाहुणे, कुठकुठले अभ्यास करणारे. आले, कॅमेऱ्याचं बटण दाबलं, गेले. कोणाचं नाव नाही, गाव नाही. मी एकदा विचारलं होतं, हा परक्यांचा कचरा कशाला गोळा करता? तुम्ही सरळ सांगितलंत. आयुष्यभर प्रोजेक्टरच्या खोलीत बसून लोकांनी काढलेलं लोकांना दाखवलं, आता आपल्याला निवांत बघायचं आहे. मला ते पटलं. पण पटलं असं मी कधी म्हटलं नाही.

तुमची एक खोड शेवटपर्यंत गेली नाही. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उलटी घालतात म्हणून तुम्ही डब्यातही सगळ्या उलट्याच लावायचात. माझ्या पडद्यावर अख्खा जिल्हा डोक्यावर उभा. मी म्हणायचे, भाऊ, हे टॉकीज नाही. तुम्ही मान वाकडी करून स्टुलावर बसायचात, पण स्लाइड सरळ लावायला तयार नव्हतात. दुकानातली गिऱ्हाइकंही हळूहळू मान वाकडी करायला लागली.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं. मला फोटोतली माणसं हवी असायची. ही बाई कोण, हिच्या डोक्यावर काय आहे, ती कुठे निघाली आहे. तुम्हाला हवा असायचा फोटो काढणारा. जो फोटोत नाही तो. त्याच्यासाठी तुम्ही जीपच्या दारावरची चमक बघायचात, कोपऱ्यात आलेलं बोट बघायचात, जमिनीवरच्या सावल्या बघायचात. "माणसं कुठी पाहून राह्यली ते पाहा ना बाई. तिथीच उभा आहे तो." हे तुम्ही मला शिकवलंत, आणि मग माझं वाटोळं झालं. आता घरच्या लग्नाचा अल्बमसुद्धा मला सरळ बघता येत नाही.

मग गोंडपिपरीचा तो मास्तर आला. एका स्लाइडमध्ये त्याला त्याचे वडील दिसले होते, तरुणपणातले, आणि त्याला ती स्लाइडच हवी होती. तुम्ही प्रिंट दिलीत. स्लाइड दिली नाहीत. तो गेल्यावर आपली जुंपली. मी म्हटलं, ज्याचं तोंड आहे त्याचा फोटो. तुम्ही म्हणालात, "नाई बाई. ज्यानं काढला त्याचा. आपण नुसते राखण करून राह्यलो. तो येईन तवा त्याले देऊन टाकू." मी विचारलं, आणि तो आलाच नाही तर? तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवलात आणि पुढची स्लाइड काढलीत.

पिवळा डबा मूल रोडच्या कबाडीवाल्याकडून आला. आरमोरीकडच्या कुठल्याशा कचेरीचं कपाट रिकामं झालं होतं, त्यातला. डबा लहान, पण आतल्या स्लाइड्सवर बुरशी नव्हती आणि रंग अजून ताजे होते. एक तळं, तळ्याची पाळ, जाळं ओढणाऱ्या बायका. पाळीवर बसलेले दोन पाहुणे, एक दाढीवाला, एक काळ्या चष्म्याची बाई. एक कुत्रं, तेही हसल्यासारखं. आणि तीन-चार चित्रांत खालच्या कोपऱ्यात ती सावली: दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, तोंडासमोर कॅमेरा, डोक्यावर रुंद काठाची टोपी.

त्या दिवशी तुम्ही घरी जेवायला गेला नाहीत. मला ती सावली मोठी करायला लावलीत, आणखी मोठी, इतकी की शेवटी नुसते ठिपके राहिले. मग तुम्ही साहेब उभा करायला घेतलात. जंगलखात्यातला, कारण अशी टोपी दुसरं कोण घालतं. बुटका, कारण सगळे फोटो खालून काढलेले दिसतात. स्वभावाने चिकट, कारण एका गोष्टीचा एकच फोटो. पाहुण्यांना तळं दाखवायला घेऊन आला असणार. महिन्याभरात साहेबाला बायको मिळाली, बदली मिळाली, थोडा संधिवातही मिळाला. वहिनी मला म्हणाल्या होत्या, घरी पोहे केले तरी हे म्हणतात, साहेबाले पोहे आवडत असतीन.

मी एकच प्रश्न विचारला होता, भाऊ, आणि तो तुम्ही उडवून लावलात. या बायका एवढ्या हसतात कशा? त्या काळातल्या बायका, समोर हॅटवाला साहेब, आणि कोणी पदर ओढत नाही, कोणी काठीसारखं उभं राहत नाही. एकीने तर जाळं सोडून पोट धरलं आहे. साहेबासमोर अशा हसतात का? तुम्ही म्हणालात, "चांगला साहेब असन." मी म्हटलं, चांगल्या साहेबासमोर तर कोणीच हसत नाही. त्यावर आपण दोन दिवस बोललो नाही. दुकानात बसलात, पण बोलला नाहीत.

पुढे एका लग्नाला आरमोरीला गेलात तेव्हा तळ्याची प्रिंट तुम्ही बाजारात मासळीवाल्या बायकांना दाखवलीत, आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं. चंद्रपूरला परत आलात ते बसस्टँडवरून थेट दुकानात, हातात लग्नातला अहेर तसाच. मी म्हटलं, चला, रविवारी जाऊ. तेव्हा तुमचा गुडघा दुखत होता. मग ऊन होतं. मग धानाच्या कापणीत गावात कोणी भेटणार नाही म्हणालात. मी बसच्या वेळा कागदावर लिहून दिल्या तर तो कागद तुम्ही चष्म्याच्या घरात घालून टाकलात.

मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, तुम्हाला जायचंच नव्हतं. गेला असता तर साहेबाचा पत्ता लागला असता, आणि तो कुठलातरी साधा पेन्शनर निघाला असता. विचारायचं राहून गेलं.

तेरवीनंतरच्या मंगळवारी मी दुकान बंद ठेवलं. पिशवीत पिवळा डबा, मोठ्या काढलेल्या प्रिंटा आणि डब्यातली पोळी-भाजी. आरमोरीपर्यंत बस, पुढे काळी-पिवळी जीप. गावाच्या अलीकडे लाखोरी डाळीची शेतं लागली आणि मग ती पाळ समोर आली. चित्रातल्यासारखीच, फक्त झाडं जाड झालेली आणि तळ्यात पाणी कमी. मी तिथे उभी राहिले आणि पहिलं काय केलं असेल? सावली कुठे पडली असेल ते शोधलं. तुमची कृपा.

पानठेल्यावरच्या माणसाने प्रिंटा बघितल्या आणि मला अनसाबाईंकडे नेलं. सत्तरीच्या असतील. अंगणात सुकट वाळत घातली होती आणि त्या हातात काठी घेऊन कोंबड्यांवर नजर ठेवून बसल्या होत्या. पोट धरून हसणाऱ्या बाईचं चित्र हातात घेतलं आणि लगेच म्हणाल्या, "हे तं मी. दात पाहा माहे, तवा सगळे होते." शेजारच्या बायका जमल्या. ही अमकी, ती वारली, ही लेक नागपूरला दिली. मी मनात म्हटलं, बघा भाऊ, माझी माणसं सगळी सापडली.

मग मी तुमचं काम काढलं. सावलीवर बोट ठेवून विचारलं, हा टोपीवाला साहेब कोण होता?

अनसाबाईंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. "टोपी कोनची जी?" म्हणाल्या. "हे टोपलं आहे."

चित्र त्यांनी मांडीवर ठेवलं. कोंबडी सुकटीवर चढली तरी काठी हलली नाही. मग नातीला म्हणाल्या, "जा, फोटोवालीले बोलाव."

ती येईपर्यंत मला जे कळलं ते असं. फोटोवाली म्हणजे पार्बताबाई, अनसाबाईंची धाकटी जाऊ. ते पाहुणे आले होते तेव्हा त्यांचं सामान टोपल्यात घालून पार्बताबाईंनी डोक्यावरून वाहून आणलं होतं. त्यानंतर त्या सांगत राहिल्या की मी मॅडमच्या, म्हणजे त्या काळ्या चष्म्यावालीच्या, मशिनीने फोटो काढले. कोणी खरं मानलं नाही. दाढीवाल्याने गंमत म्हणून फिल्म नसलेला रिकामा डबा हातात दिला आणि ही खुळी खटखट करत बसली, असंच गावाने धरलं. फोटो कधी आलेच नाहीत, मग खरं कसं मानणार? तेव्हापासून त्या फोटोवाली. पोरं रस्त्यात आडवी उभी राहायची, काकू, माहा फोटो काढ. त्यांच्या मुलाच्या लग्नात व्याह्यांनीसुद्धा त्यावरून चिडवलं होतं. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी आपलं म्हणणं बदललं नाही, एवढंच. मी काढले, म्हणायच्या, आणि कामाला लागायच्या.

पार्बताबाई शेणाचे हात पदराला पुसत आल्या. बुटक्या. तेवढं तुमचं बरोबर निघालं. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, आता ही कोण आली हसायला, अशा नजरेने. प्रिंट हातात घ्यायला तयार नव्हत्या. शेवटी अनसाबाईंनीच ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्या किती वेळ बघत होत्या मला माहीत नाही. मग अनसाबाई म्हणाल्या, "मले वाटे, तू खोटीच बोलते. डबा रिकामा आहे म्हनून तं आमी हसून राह्यलो होतो."

पार्बताबाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "तुमी हसून राह्यल्या होत्या बाई, म्हनून तं मी दाबलं."

भाऊ, माझ्या प्रश्नाचं उत्तर हे. चांगल्या साहेबाने हसवलं नव्हतं. डोक्यावर ओझं घेतलेली आपली जाऊ साहेबासारखी कॅमेरा धरून उभी होती, म्हणून त्या हसत होत्या. आणि तुम्ही सगळ्या सिनेमांत हॅटवाले बघितलेले, तुम्हाला सावलीत हॅट दिसली. मलाही तीच दिसली. चार वर्षं ते टोपलं पडद्याएवढं मोठं करून बघितलं आपण.

मग पार्बताबाईंनी सगळं सांगितलं. मॅडमला दोघांचा एकत्र फोटो हवा होता, म्हणून तिने कॅमेरा यांच्या हातात दिला आणि कुठे बघायचं, कुठे दाबायचं ते खुणांनी दाखवलं. यांनी एक काढला. मॅडमला काय वाटलं कोणास ठाऊक, तिने कॅमेरा परत घेतलाच नाही. दुपारभर यांच्याकडे ठेवला. मी विचारलं, टोपलं उतरवून का नाही ठेवलंत? "उतरवलं असतं तं पुन्हा चढवून कोन दिलं असतं?" म्हणाल्या. बायका हसल्या, त्याही हसल्या. जाताना मॅडमने फोटो पाठवीन असं खुणेने सांगितलं होतं.

मला वाटतं, तिने पाठवले होते. ते आरमोरीपर्यंत आले आणि कोणाच्या तरी कपाटात राहिले. पुढे तेवढ्या वाटेने न्यायचं कोणाच्या मनात आलं नाही.

मी तुमच्याबद्दल सांगितलं. साहेब, त्याची बदली, संधिवात, पोहे. पार्बताबाई डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. "मंग त्याईनं मले सलाम ठोकाले याले पाहिजे होतं," म्हणाल्या. नाही आले का सोबत? मी म्हटलं, मागच्या महिन्यात गेले. त्यांनी हसणं थांबवलं. पिवळ्या डब्याकडे बोट करून विचारलं, "मंग हे आता कोनाचं?"

तुम्ही असता तर काय केलं असतं हा विचार मी केला नाही. तुमचं म्हणणं मला पाठ होतं. ज्याने काढला त्याचा. मी डबा त्यांना दिला. अनसाबाईंना आणि बाकीच्यांना प्रिंटा दिल्या, म्हणजे माझंही म्हणणं राहिलं. पेटीतून एक डबा कमी झाला आहे. रागवायचं असेल तर रागवा.

पार्बताबाईंनी एकेक स्लाइड आभाळाकडे धरून पाहिली. पहिलीच उलटी धरली, मी सरळ करून दिली. दोन-तीन बाजूला काढल्या, हे माझे नव्हेत, मॅडमचे, म्हणाल्या. मग डबा चाचपून विचारलं, यात एक नाही का? मॅडमने जाता जाता त्यांचाही काढला होता. टोपलं घेऊन उभ्या होत्या, तसा. मी चौकटींवरचे आकडे लावून पाहिले. शेवटून दुसरा नव्हता. तो आपल्याला कधीच मिळाला नव्हता. तुम्ही म्हणायचात, खराब निघाली असेल, फेकली असेल.

पार्बताबाईंना तसं वाटलं नाही. "मॅडमनं ठेवून घेतला असन," म्हणाल्या. "ठेवू द्या. मी तिच्याजवळ असन कुठी तरी."

काळी-पिवळीची वाट बघताना मी त्याच स्लाइडचा विचार करत होते. मॅडम आता म्हातारी झाली असेल, कदाचित नसेलही. तिचंही घर कोणी आवरेल, डबे निघतील, तिकडेही कबाडीवाले असतीलच. कोणीतरी ती स्लाइड उजेडासमोर धरेल आणि विचारेल, डोक्यावर टोपलं घेतलेली ही बुटकी बाई कोण? मला गावासकट सांगता येईल. पण त्या माणसाला माझं दुकान कसं सापडणार, हे काही मला सुचलं नाही. तुम्ही असता तर स्टुलावर बसून त्यावरही दोन महिने काढले असते.

काल वहिनींकडे गेले होते. त्या भाकरी करत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, टोपल्यापासून मॅडमपर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली, विस्तव थोडा मागे ओढला, आणि मग म्हणाल्या, "मले काऊन सांगता शोभाबाई? त्याईले सांगा."

म्हणून सांगितलं.